शब्दवेध : बंधारा

पैठणच्या नाथसागराच्या पाण्यावर विसंबलेल्या मुकुंदवाडीकरांस 'बंधारा' हा शब्द परका नाही. संस्कृत 'बन्ध्' (बांधणे) धातूच्या कुळातला हा शब्द, आणि 'धरण' या अर्थानेही वापरला जाणारा फारसी 'बंद' त्याचाच सहोदर. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याने मात्र या बंधनाला ऋतूची मुदत घालून दिली : दगडी खांबांच्या खाचांत फळ्यांच्या दोन रांगा रचून, मधल्या पोकळीत माती ठासून, पावसाळा सरताच पाणी अडवावयाचे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी फळ्या उपसून नदीस वाट द्यावयाची. 'फळी' संस्कृत 'फलका'पासून आली. लाकडाच्या जागी पुढे पोलाद आले, त्याला गळती रोखणारी रबरी पट्टी लाभली. लाकडाची असो वा पोलादाची, पाणी अडते ते फळीनेच; म्हणूनच फळ्यांची राखण हे गावाचे कर्तव्य आहे. त्या गहाळ झाल्या, तर भक्कम खांब उभे असूनही रब्बीचे पाणी वाहून जाते.