मेरीलँडच्या तळघरातल्या पुंगळ्या

मंडळी, मागच्या वेळी आपण बोटांच्या ठशांपाशी थांबलो होतो. 1897 साली कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं, ते का टिकलं? कारण माणसाचा ठसा मरेपर्यंत बदलत नाही. आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्या कायद्याने बंदुकीलाही असाच ठसा असतो असं गृहीत धरलं.

गोळी सुटते तेव्हा घोड्यामागची पिन पुंगळीच्या बुडावर आपटते, आणि स्फोटाच्या दाबाने पुंगळी मागच्या पोलादावर दाबली जाते. त्या पोलादावरचे बारीक ओरखडे पितळेवर उमटतात. 1929 मध्ये शिकागोतल्या सात खुनांनंतर कॅल्व्हिन गोडार्ड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अशाच खुणा जुळवून बंदुका ओळखल्या होत्या. तेव्हा शास्त्र खोटं नव्हतं, हे आधी लक्षात घ्या.

सन 2000. अमेरिकेतलं मेरीलँड राज्य. गव्हर्नर पॅरिस ग्लेंडेनिंग यांनी कायदा केला: 1 ऑक्टोबरपासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या पिस्तुलासोबत कारखान्याने एक झाडलेली पुंगळी बंद पाकिटात द्यायची, आणि परवानाधारक दुकानदाराने विक्री झाली की ती राज्य पोलिसांकडे धाडायची. पोलीस तिचं छायाचित्र संगणकात ठेवणार. उद्या खून झाला, रस्त्यावर पुंगळी सापडली, की बटण दाबायचं आणि विकत घेणाऱ्याचं नाव मिळवायचं! ऐकायला किती सोपं, नाही का?

दोनच वर्षांनी, ऑक्टोबर 2002 मध्ये, वॉशिंग्टनच्या आसपास एका बंदूकधारी जोडीने दहा माणसं मारली. सगळा प्रदेश हादरला. पण हत्यार होतं रायफल, आणि कायदा फक्त हँडगनचा. पेटारा तसाच बंद राहिला.

पुढची अडचण जास्त खोल होती. एकाच यंत्रावर लाखोंनी निघालेल्या पिस्तुलांच्या खुणा एकमेकींसारख्या. काडतुसाची कंपनी बदलली की खूणही बदलते, वापराने पोलाद झिजतं ते वेगळंच. त्यामुळे संग्रह जितका वाढेल तितके चुकीचे जोड जास्त. रिव्हॉल्व्हर तर पुंगळी बाहेर टाकतच नाही. आणि चोरीचं पिस्तूल असेल, तर मिळणार काय, मूळ गिऱ्हाइकाचं नाव!

2007 मध्ये पोलिसांनी छायाचित्रं काढणंच सोडून दिलं. कायदा मात्र जागच्या जागी. पुंगळ्या येतच राहिल्या, आणि पोलीस मुख्यालयाच्या खाली अणुहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या जुन्या तळघरात साचत गेल्या. तीन लाखांहून जास्त! आपल्या कचेऱ्यांतल्या फायली आठवल्या ना?

2008 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने असा देशव्यापी संग्रह करू नये असाच सल्ला दिला. न्यूयॉर्कने आपला संग्रह 2012 मध्ये गुंडाळला, मेरीलँडने 2015 मध्ये. सुमारे 50 लाख डॉलर गेले होते. जे थोडे जोड जुळले, त्यांत बंदूक कोणती हे तपास अधिकाऱ्यांना आधीच ठाऊक होतं.

गंमत अशी, की हेच यंत्र दुसरीकडे चाललं. केंद्र सरकारच्या जाळ्यात प्रामुख्याने गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या पुंगळ्या आणि पोलिसांनी जप्त केलेल्या बंदुकांच्या चाचणीतल्या पुंगळ्याच जातात. तिथे प्रश्न एवढाच असतो की या दोन गोळीबारांत एकच बंदूक होती का. ही बंदूक विकत कोणी घेतली, हे तिथे कोणी पुंगळीला विचारत नाही.