ताटावरचा थेंब आणि आग्नेस पोकेल्स

आज आम्ही थेंबाची गोष्ट सांगणार आहोत. तेलकट ताटावर पाणी टाकलं की ते पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतं. तेच ताट लख्ख घासलं की पाणी सलग पसरतं. हे आपण रोज बघतो. जर्मनीतल्या एका बाईनं असल्याच गोष्टी निरखल्या, मोजल्या आणि लिहून ठेवल्या. तिचं नाव आग्नेस पोकेल्स.

आग्नेसचा जन्म १८६२ सालचा. ब्राउनश्वाइग शहरात ती मुलींच्या शाळेत शिकली. विज्ञानाची फार आवड, पण तेव्हा तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकायला गेला. आग्नेस घरी राहिली, आजारी आईवडिलांचं करत राहिली. भाऊ पुस्तकं द्यायचा, ती वाचायची.

घरातच तिनं प्रयोग मांडला. पत्र्याचं लांबट, उथळ भांडं काठोकाठ पाण्यानं भरलं आणि त्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्यावरचा तवंग एका बाजूला गोळा व्हायचा. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो. तो मोजायला तिनं तराजूला छोटं बटण टांगलं. पाण्याला टेकलेलं बटण सुटायला किती वजन लागतं, ते ती बघायची. स्वच्छ पाण्याला जास्त लागे, दाट तवंग असला की कमी.

कित्येक वर्षं हे काम घरातच राहिलं. १८९१च्या जानेवारीत तिनं इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅलेंच्या पत्नीनं त्याचं भाषांतर केलं. रॅलेंनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं.

पुढे १९१४ साली तिनं थेट आपल्या ताटाच्या प्रश्नावरच लेख लिहिला: द्रव घन वस्तूवर कसा पसरतो आणि थेंबाची कड तिथं किती कोन करते? कोन लहान असेल तर थेंब चपटा होऊन पसरतो. मोठा असेल तर अळूच्या पानावरच्यासारखा गोल राहतो. साबणानं पाण्याचा ताण कमी होतो, म्हणून ते पसरतं. फवारणीच्या पाण्यात स्टिकर घालतात, तेही औषध पानावर पसरावं आणि टिकावं म्हणूनच.

१९३२ साली, वयाच्या सत्तरीत, तिला ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं सन्मानाची डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी अमेरिकेचे आयर्विंग लँगम्युर यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं. त्यांनी वापरलेलं उपकरण आग्नेसच्या भांड्याचंच सुधारलेलं रूप होतं. आज ते लँगम्युरांच्या नावानं ओळखलं जातं. १९३५ साली आग्नेस वारली.

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, बघा, कॉलेजात न जाताही बाई शिकलीच की! मैत्रिणींनो, आम्हाला उलटं वाटतं. भावाची पुस्तकं होती म्हणून ती एवढं तरी करू शकली. विद्यापीठाचं दार उघडं असतं, तर तिला आपलं काम दुसऱ्याच्या हाती सोपवून वाट बघावी लागली नसती. घरात मुलगा-मुलगी दोघं शिकत असतील आणि पैसे एकाच्याच फीपुरते असतील, तेव्हा आग्नेसची आठवण ठेवा.