एकाच जूनमध्ये दोनदा जन्मलेली हॅकेथॉन

४ जून १९९९ रोजी कॅनडातल्या कॅलगरी शहरात दहा प्रोग्रामर जमले. त्यांना बक्षीस मिळणार नव्हतं, कुणी परीक्षक येणार नव्हते आणि त्यातल्या कुणाला नोकरीही नको होती. कॅलगरीच का निवडली, तर ती अमेरिकेत नाही म्हणून. आज आपल्याकडच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात फायनल इयरच्या रेझ्युमेवर 'हॅकेथॉन' हा शब्द एकदा तरी असतोच. तो एखाद्या मेळाव्याला लावल्याची सर्वांत जुनी ठाऊक असलेली नोंद याच दहा जणांच्या बैठकीची आहे.

ही मंडळी ओपनबीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टीम घडवत होती. सुरक्षेच्या बाबतीत कमालीची काटेकोर, फुकट आणि सगळ्या जगासाठी खुली. प्रकल्पाचे कर्ते थिओ डी राट कॅलगरीतच राहायचे. अडचण होती ती अमेरिकेच्या कायद्याची. माहिती कुलूपबंद करणारी सॉफ्टवेअरं, म्हणजे एन्क्रिप्शन, १९९६ अखेरपर्यंत तिथे चक्क युद्धसामग्रीच्या यादीत होती. पुढे ती व्यापार खात्याच्या अखत्यारीत गेली, पण निर्यातीची बंधनं सुटली नाहीत. अमेरिकेत बसून असा कोड लिहायचा आणि इंटरनेटवर जगाला वाटायचा, म्हणजे कायद्याच्या कचाट्यात सापडायची भीती. तेव्हा सरळ कॅनडात जमायचं, तो भाग तिथल्या जमिनीवर लिहायचा आणि तिथूनच वाटायचा, असा साधा हिशेब होता. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने हे नियम बरेच सैल केले. त्या दहा जणांनी आणखी सात-आठ महिने कळ काढली असती, तर कदाचित हा शब्द घेऊन आपल्यापर्यंत दुसरंच काही आलं असतं.

ओपनबीएसडीच्या हॅकेथॉन त्यानंतरही वर्षानुवर्षं होत राहिल्या. भाषणं नाहीत, स्लाइड नाहीत, उद्घाटन नाही, दीपप्रज्वलन तर नाहीच. एरवी ईमेलवर आठवडाभर रंगणारी तांत्रिक भांडणं एका टेबलाशी बसल्यावर तासाभरात मिटतात, एवढाच एकत्र येण्याचा लाभ. जमणारे आधीपासून एकाच कामात असत आणि घरी गेल्यावरही तेच काम पुढे चालू ठेवत. हे 'घरी गेल्यावरही' लक्षात असू द्यावं, कारण कथेत पुढे नेमकं तेच हरवतं.

त्याच वर्षी याच गटाने टाटू युल्योनन या फिनिश प्रोग्रामरच्या एसएसएचची जुनी, मोकळी आवृत्ती हाती घेऊन ओपनएसएसएच तयार केलं. डिसेंबर १९९९ मध्ये ते ओपनबीएसडी २.६ बरोबर बाहेर पडलं. दूरच्या कम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉग-इन होण्यासाठी आज जगभर वापरतात ते हेच. पहाटे तीन वाजता लाल डोळ्यांनी भाड्याच्या सर्व्हरवर आपलं अॅप चढवणारा विद्यार्थी टर्मिनलवर 'एसएसएच' टाइप करतो, तेव्हा बहुतेक वेळा तो हॅकेथॉनच्या मूळ पुरुषांचंच अवजार हाताळत असतो. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता दुसरा जन्म. कॅलगरीनंतर दोन आठवडेही उलटले नव्हते. १५ ते १९ जून १९९९ या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचा जावावन हा मोठा मेळावा भरला होता. तिथे कंपनीच्या जॉन गेज यांनी मंचावरून उपस्थितांना आव्हान दिलं: पाम व्ही हा खिशात मावणारा नवा कम्प्युटर घ्या आणि त्याच्यासाठी जावात प्रोग्राम लिहा. यंत्राच्या इन्फ्रारेड खिडकीतून तो शेजाऱ्याच्या पामशी बोलला पाहिजे आणि इंटरनेटवर नोंदही झाली पाहिजे. या खटाटोपाला त्यांनी नाव दिलं हॅकेथॉन. जावा छोट्या यंत्रांवरही चालते हे सनला दाखवायचं होतं, आणि ते दाखवण्याचं काम ग्राहकांकडूनच हसतखेळत करून घेण्याची ही युक्ती होती.

नाव एकच, पण हेतूंमध्ये आकाशपाताळाचं अंतर. कॅलगरीत आधी काम होतं आणि त्यासाठी माणसं जमली. सॅन फ्रान्सिस्कोत माणसं आधीच जमलेली होती, त्यांच्यासाठी काम शोधलं गेलं. आपल्या कॉलेजांत रुजलेलं कूळ माझ्या मते दुसरं. मान मात्र आपण पहिल्याचा मिरवतो.

रात्र कुठून आली, हा वेगळा प्रश्न. पोस्टरवर 'छत्तीस तास अखंड' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, जणू जागरण हीच विद्या. त्याचं उत्तर शोधायला आणखी मागे, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या आगगाडीच्या मॉडेलांच्या क्लबात जावं लागतं. टेक मॉडेल रेलरोड क्लब हा १९४६ पासूनचा विद्यार्थ्यांचा क्लब. काहींना वरची टुमदार गावं आणि डबे रंगवायला आवडायचं. काही जण टेबलाखाली शिरून टेलिफोनच्या जुन्या रिले जोडत गाड्यांचं नियंत्रण घडवत बसत. 'हॅक' हा शब्द तांत्रिक करामतीच्या अर्थाने या टेबलाखालच्या मंडळींनी घोळवला. एप्रिल १९५५ च्या बैठकीच्या इतिवृत्तात अशी सूचना नोंदलेली आहे की विजेच्या जोडणीवर 'हॅकिंग' करणाऱ्याने फ्यूज उडू नये म्हणून आधी वीज बंद करावी. चाळिशीतल्या घरमालकाला शोभेल अशी ही सूचना त्या शब्दाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक आहे, याची मला नेहमी गंमत वाटते.

१९५८ मध्ये लिंकन लॅबोरेटरी या संशोधन संस्थेकडून टीएक्स-० हा कम्प्युटर एमआयटीत आला आणि टेबलाखालची मुलं तिकडे वळली. दिवसा यंत्र संशोधकांसाठी राखीव. विद्यार्थ्यांच्या वाट्याला यायची ती रात्र, आणि तीसुद्धा नाव नोंदवलेला माणूस फिरकला नाही तर. कुणीतरी पहाटेची पाळी चुकवेल या आशेने मुलं खोलीबाहेर ताटकळत. म्हणजे रात्रीचं जागरण हे यंत्राच्या टंचाईचं अपत्य होतं. एका खोलीएवढा कम्प्युटर, शंभर गरजू आणि चोवीस तास, एवढंच ते गणित. आज प्रत्येकाच्या दप्तरात त्या यंत्राच्या लाखोपट ताकदीचा लॅपटॉप आहे आणि तरी रात्र कायम आहे. कारण संपलं, रूढी उरली.

या रूढीची किंमत कोण मोजतं तेही पाहावं. मुलींच्या हॉस्टेलला इन-टाइम असतो. रात्रभराच्या कार्यक्रमासाठी रेक्टर मॅडमची परवानगी, पालकांचं पत्र, कॉलेजच्या लेटरहेडवर समन्वयक सरांची सही, एवढं सगळं जमवल्यावर मुलगी हॉलमध्ये पोचते. तिच्या टीममधली मुलं मात्र दुपारीच चांगल्या प्लगपॉइंटजवळची जागा पकडून बसलेली असतात. दिवसा नऊ ते सहा असे तीन दिवस बसून तेच काम झालं असतं की! पण मग पोस्टरवर छापायचं काय?

पुढचा प्रवास भराभर सांगतो. २००५ च्या अखेरीस याहूने कर्मचाऱ्यांसाठी हॅक डे सुरू केला, २००६ मध्ये तो बाहेरच्यांना खुला केला आणि २००७ मध्ये बेंगळुरूलाही आणला. फेसबुकच्या 'लाइक'च्या बटणाचा पहिला नमुना २००७ मधल्या अशाच एका अंतर्गत जागरणातून निघाला. ही गोष्ट प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात असते. तिचा उत्तरार्ध मात्र कुणी सांगत नाही. ते बटण लोकांसमोर आलं ते फेब्रुवारी २००९ मध्ये. मधलं दीड वर्ष नकार, पुन्हा मांडणी आणि पुन्हा नकार यांत गेलं. २०१० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला टेकक्रंचच्या हॅकेथॉनमध्ये दोघांनी रात्रीतून ग्रुपमी उभं केलं आणि सव्वा वर्षात स्काइपने ते विकत घेतलं. त्यानंतर कुणाला समजवायची गरज राहिली नाही. एका रात्रीत नशीब पालटतं ही गोष्ट आपल्याकडच्या लॉटरीच्या दुकानदारालाही नवी नाही.

कॉलेजच्या आवारात हे लोण पोचलं होतं ते २००९ च्या सुमारास. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पेनअॅप्स सुरू केली, आणि विद्यार्थ्यांनीच चालवलेली पहिली कॉलेज हॅकेथॉन म्हणून तिचं नाव घेतलं जातं. योगायोग असा की २००३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा संस्थेचा ओपनबीएसडीला मिळणारा निधी याच विद्यापीठामार्फत येत होता. इराक युद्धाबद्दल डी राट वर्तमानपत्राशी फटकळपणे बोलले आणि कॅलगरीच्या हॅकेथॉनच्या तोंडावर तो निधी थांबला. हॅकेथॉन तरीही झाली.

२०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या एमहॅक्सला हजाराच्या वर विद्यार्थी आले. त्याच वर्षी या सगळ्या कार्यक्रमांचा हंगाम बांधणारी मेजर लीग हॅकिंग ही संस्था निघाली. खेळाच्या लीगसारखा हंगाम आला, तशा कंपन्याही आल्या. टेबल मांडायचं, टी-शर्ट वाटायचे, आपली एपीआय वापरणाऱ्याला वेगळं बक्षीस ठेवायचं आणि जाताना रेझ्युमेंचा गठ्ठा न्यायचा. भरती करणाऱ्याला हे सोयीचं का वाटतं ते समजण्यासारखं आहे. अॅप्टिट्यूड टेस्टमध्ये एकटा मुलगा दिसतो. हॅकेथॉनमध्ये टीममध्ये काम कसं वाटलं गेलं, डेटाबेस कोसळल्यावर कोण ओरडलं आणि कोण मुकाट्याने लॉग वाचत बसलं, हे दिसतं. अर्थात बघणारा रात्री तिथे असेल तर. बहुतेक परीक्षक सकाळी नाश्ता करून येतात आणि पाच मिनिटांची पीपीटी बघतात. तेव्हा त्यांना दिसतं ते बोलणं.

आपल्याकडे याला सरकारी शिक्का बसला तो १ आणि २ एप्रिल २०१७ रोजी. पहिल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या अंतिम फेरीत देशातल्या २६ केंद्रांवर सुमारे १०,००० विद्यार्थी सलग ३६ तास बसले. २९ मंत्रालयं आणि खात्यांनी मिळून ५९८ प्रश्न दिले होते. यामागे पुण्याचा हात मोठा. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे त्याआधी पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे संचालक होते आणि आयोजनात पर्सिस्टंट सिस्टिम्सचाही सहभाग होता. सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी, आधी कॉलेजातली फेरी, मग निवड, मग नोडल सेंटर, ही रीत पुढे पक्की होत गेली. एका मुलीच्या अटीमुळे शेवटच्या दिवशी 'आमच्या टीममध्ये येतेस का, फक्त नाव दे' अशी शोधाशोध चालते, हे कुठल्याही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कळेल. तरी ती अट मला योग्य वाटते. नाव द्यायला आलेली मुलगी पुढच्या वर्षी टीम लीडर होऊ शकते.

या स्पर्धेचं खरं मोल मला बक्षिसापेक्षा त्या प्रश्नांच्या यादीत दिसतं. रेल्वेला, इस्रोला, कृषी खात्याला काय अडतं हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना एरवी कोण सांगणार? पण अंतिम फेरी झाली, फोटो निघाले, बक्षिसाचा धनादेश वाटून घेतला, मग त्या कोडचं काय होतं? प्रश्न देणाऱ्या खात्यात तो पुढे चालवणारा माणूस असेल तर काही होतं. नसेल तर गिटहबवरची शेवटची नोंद त्या रविवारचीच राहते.

महाराष्ट्रात याला एक ठळक अपवाद आहे आणि तो सरकारी स्पर्धेच्याही आधीचा आहे. नाशिकचे रमेश रासकर, सीओईपीचे माजी विद्यार्थी, तेव्हा एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक होते. २०१५ चा सिंहस्थ समोर ठेवून २०१४ पासून त्यांनी आणि नाशिककरांनी कुंभथॉन भरवायला सुरुवात केली. छत्तीस तासांचा कार्यक्रम नव्हे. काही दिवसांची शिबिरं, मध्ये काही महिने काम, पुन्हा शिबिर. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले होते, त्यामुळे गर्दी मोजायची कशी हा प्रश्न कुणाला समजावून द्यावा लागला नाही. त्यातून अशिओटो नावाची चटई निघाली. जमिनीवर अंथरायची, आत दाब ओळखणारे सेन्सर, वरून जाणाऱ्या पावलांवरून माणसांचा आकडा क्षणाक्षणाला नियंत्रण कक्षाकडे. ती घडवणाऱ्यांत नाशिकचा एक शाळकरी मुलगाही होता.

अशी चटई हॉलमध्ये एका रात्रीत चालवून दाखवता येते. चिखलात, अनवाणी पायांखाली, मागच्यांचा रेटा येत असताना ती चालावी लागते तेव्हा पोलिसांशी बोलावं लागतं, महापालिकेची परवानगी लागते, वायर कुठून न्यायची हे चार वेळा बदलावं लागतं आणि पहिली चटई फाटते. अंतिम तारीख आयोजकाने ठरवलेली नव्हती, पंचांगाने ठरवली होती. ती पुढे ढकलता येत नव्हती आणि त्या दिवशी परीक्षकही नव्हते, भाविक होते. कॅलगरीतल्या त्या दहा जणांना हे काम लगेच ओळखीचं वाटलं असतं.

पुढे टीसीएसने नाशिकमध्येच डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र काढलं. आवडीचा सामाजिक प्रश्न घेऊन तरुणांनी तिथे आठवडे-महिने राहून काम करावं अशी त्याची रचना. पुढचा सिंहस्थ नाशिक-त्र्यंबकेश्वरला २०२६-२७ मध्ये आहे, आणि गर्दी मोजायचा प्रश्न अजून सुटलेला नाही.