नामदेवांच्या घरातील संवाद व त्यांतील विनोद

औंढा नागनाथ येथील विसोबा खेचर आणि नामदेव यांच्या भेटीची कथा सर्वश्रुत आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेव हटकतात. तेव्हा जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे ते थंडपणे सांगतात. या कथेतील तत्त्वज्ञानावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती मुळात एक खोडसाळ जबाब आहे, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. तिच्या आधीचा प्रसंगही असाच. तेर येथे गोरोबांनी हाती थापटणे घेऊन संतांची डोकी ठोकून पाहिली. सारे गप्प राहिले, कुरकुरले ते एकटे नामदेव, आणि तेवढ्यावरून त्यांचे मडके कच्चे ठरले. गुरूच्या शोधात ते औंढ्यास आले ते या थट्टेने दुखावून.

औंढ्यास मिळालेल्या या बोधाची कसोटी मात्र पंढरपुरास, घरातच लागली असावी. नामदेव गाथेत आई गोणाई व पत्नी राजाई यांच्या तोंडी घातलेले अभंग आहेत. गोणाई विठ्ठलाशी भांडते ती मुलाला नादी लावणाऱ्या शेजाऱ्याशी भांडावे तशी. राजाई आपले गाऱ्हाणे रुक्मिणीपाशी नेते. नवऱ्याबद्दलची तक्रार त्याच्या मित्राच्या बायकोकडे करावी, हा संसारातील जुनाच रिवाज. येथे तो मित्र साक्षात पांडुरंग आहे, एवढेच.

हे अभंग खुद्द त्या स्त्रियांचे आहेत, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळली आहे आणि कीर्तनपरंपरेने भर घातली आहे, हे अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु रचना कोणाचीही असो, श्रोत्यांना हे संवाद हवे होते, हा इतिहासाचा पुरावा होय. त्यांचा उपयोग सामान्यतः दोनच प्रकारे केला जातो : नामदेवांच्या दारिद्र्याचे प्रमाण म्हणून, किंवा भक्ताच्या मार्गातील प्रापंचिक अडथळा म्हणून. दोन्ही वाचनांत राजाई कर्कशा ठरते. आमच्या मते हा तिच्यावर अन्याय आहे.

महिपतीच्या 'भक्तविजया'तील (१७६२) परिसाची कथा पाहावी. परिसा भागवताची पत्नी कमळजा गुपचूप परीस देते. राजाई लोखंडाचे सोने करून घरात धान्य आणते. नामदेव घरी येतात आणि परीस चंद्रभागेत टाकतात. पुढे परिसा भांडावयास येतो, तेव्हा नामदेव पाण्यातून ओंजळभर खडे काढतात व ते सारेच परीस निघतात. चमत्कार पुरुषांच्या वाट्यास आला. पण श्रोत्यास हसू येते ते आधीच, दोन शेजारणींच्या पाणवठ्यावरील कुजबुजीत. आणि त्या हसण्यात तो क्षणभर राजाईच्या बाजूस असतो. कीर्तनकाराने संताचा महिमा वाढविण्यासाठी सांगितलेल्या कथेत उपाशी घराचा दावा असा नकळत नोंदला गेला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) या कादंबरीत याच्या जवळचा एक प्रसंग आहे. दुकानात चारचौघांसमोर वयावरून व देहावरून टोमणे मारणाऱ्या पतीस जेनी तशाच भाषेत उत्तर देते. बसलेले पुरुष हसतात, आणि जो स्टार्क्स तिला मारतो. गुलामगिरीचा वारसा लाभलेला तो समाज आणि आपला शिंप्याचा संसार यांत साम्य शोधणे आततायीपणाचे होईल. तरीही एक भेद बोधप्रद आहे. जेनीचा विनोद कादंबरीत उघड शिक्षा भोगतो, म्हणून वाचक त्याची किंमत विसरत नाही. राजाईला कोणी मारीत नाही. तिचे बोलणे नामसंकीर्तनाच्या गजरात विरून जाते, आणि पुढचा अभंग सुरू होतो.