मिठाच्या पोलिसांचा सेनापती

चीनचे तेव्हाचे सत्ताधीश चँग कै-शेक यांच्या फौजेत वर चढायचं तर माणूस व्हाम्पोआच्या लष्करी शाळेतला असलेला बरा. त्या शाळेचे पहिले प्रमुख खुद्द चँग, त्यामुळे तिथून निघालेला प्रत्येक जण त्यांचा चेला. सुन लिजेन तिथले नव्हते. पेकिंगच्या त्सिंगहुआत ते शिकले. १९२१ साली शांघायच्या अतिपूर्व क्रीडास्पर्धेत जिंकलेल्या चिनी बास्केटबॉल संघात ते होते. मग अमेरिकेत पर्ड्यूला जाऊन सिव्हिल इंजिनिअर झाले आणि १९२७ साली व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडले. मीही सिव्हिलचा. नोकरी रांचीत झाली, जवळच्या रामगढचं चिनी कब्रस्तान पाहिलं आणि या माणसाच्या मागे लागलो. तेव्हा माझा कल कुणीकडे आहे ते आधीच सांगून टाकतो.

मायदेशी परतल्यावर त्यांच्या वाट्याला आलं ते अर्थखात्याचं दल: मिठावरचा कर बुडवणाऱ्यांना धरणारे सशस्त्र पोलीस. १९३७ साली शांघायला हेच मिठाचे पोलीस जपान्यांसमोर उभे राहिले. सुन जबर जखमी झाले, उपचारांना हाँगकाँगला न्यावं लागलं. बरे होऊन आले आणि क्वीचौ प्रांतात त्यांनी दल नव्याने उभं केलं. त्यातूनच नवी ३८वी डिव्हिजन निघाली.

एप्रिल १९४२. ब्रह्मदेशात येनांगयाँगच्या तेलविहिरींपाशी ब्रिटिशांची एक डिव्हिजन जपानी वेढ्यात अडकली. उन्हाची काहिली, प्यायला पाणी नाही. ब्रिटिश जनरल स्लिम यांनी आपले रणगाडे आणि तोफा चक्क सुन यांच्या हुकमतीखाली दिल्या. ब्रिटिश रणगाडे चिनी अधिकाऱ्याच्या हाती, ही साधी गोष्ट नव्हे. सुन यांच्या हजारेक माणसांच्या एका रेजिमेंटने वेढा फोडला.

पुढे माघार आली. वरिष्ठ दु युमिंग, व्हाम्पोआवाले. त्यांचा हुकूम: उत्तरेचे डोंगर ओलांडून चीनला परत. त्या जंगलात पाऊस, जळवा, ताप आणि उपासमारीने हजारो सैनिक गेले. सुन यांनी हुकूम बाजूला ठेवला, पश्चिमेला वळले आणि चिंदविन ओलांडून हत्यारांसकट, शिस्तीत इंफाळला पोचले. ब्रिटिश आधी त्यांची हत्यारं काढून घ्यायच्या गोष्टी करत होते!

मग रामगढ. इटालियन युद्धकैद्यांच्या जुन्या छावणीत अमेरिकनांनी चिनी सैन्याला लसी टोचल्या, पोटभर जेवण दिलं, नवी हत्यारं दिली. पण खरी क्रांती पगाराची. चिनी फौजेत पगाराची रक्कम ठोक अधिकाऱ्याकडे जाई आणि वाटेतच झिरपे. कागदावरचे सैनिकही पगार खात. अमेरिकन जनरल स्टिलवेल यांच्या आग्रहाने इथे शिपायाच्या तळहातावर थेट रुपये पडू लागले.

१९४२च्याच डिसेंबरात सोलापूरचे डॉ. कोटणीस माओंच्या सैन्याची सेवा करता करता उत्तर चीनमध्ये वारले. त्यांच्यावर शांतारामांनी सिनेमा काढला. रामगढच्या चिन्यांचं नाव आपल्याकडे कोण घेतं?

याच फौजेने उत्तर ब्रह्मदेश लढून परत घेतला. जानेवारी १९४५ मध्ये आसामातल्या लेडोहून निघालेला रस्ता चीनला जाऊन मिळाला. मग चँग आणि माओंचे कम्युनिस्ट यांच्यात यादवी. १९४६ साली मांचुरियात सुन यांनी कम्युनिस्ट सेनापती लिन प्यावच्या फौजेला स्पिंग आणि चांगचुनमधून मागे रेटलं. पण डोक्यावर पुन्हा तेच दु युमिंग. खटके उडाले आणि १९४७ मध्ये सुन यांना आघाडीवरून उचलून प्रशिक्षणाच्या कामाला लावलं. पुढच्याच वर्षी चांगचुनच्या वेढ्यात त्यांची जुनी डिव्हिजन शरण गेली.

यादवी हरून चँग यांचं सरकार तैवानात गेलं. तिथे १९५० साली सुन भूदलाचे सेनापती झाले. चँग यांचे चिरंजीव चिंग-क्वो प्रत्येक तुकडीत राजकीय अधिकारी पेरत होते. सुन यांना ते खपेना. त्यात अमेरिकनांची त्यांच्यावर मर्जी. माझ्या मते त्यांना बुडवायला हे पुरेसं होतं, पुरावा नंतर गोळा झाला. १९५५ मध्ये त्यांच्या हाताखालच्या क्वो थिंगल्यांग या मेजरला कम्युनिस्ट हेर म्हणून पकडलं आणि कटाच्या आरोपावरून सुन ताइचुंगमध्ये नजरकैदेत गेले. तेहतीस वर्षं! घरखर्चासाठी अंगणात गुलाब लावून विकत. चिंग-क्वो वारल्यावर १९८८ साली सुटका झाली, १९९० मध्ये ते गेले. २००१ साली तैवानच्या नियंत्रण मंडळाने जाहीर केलं की कटाचा आरोप खोटा होता. ज्याच्या जबाबावर सगळं रचलं होतं, तो मेजरही तोवर हयात नव्हता.