जिल्हाविभाजन आणि सरकारी अभियोक्त्याच्या कामाचा खर्च : चंद्रपूर-गडचिरोलीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना : जिल्ह्याचे विभाजन झाले की जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस अधीक्षक कार्यालय व कोषागार यांच्या खर्चाची चर्चा होते. शासनाच्या वतीने फौजदारी खटले चालविणाऱ्या सरकारी अभियोक्त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्याच्या कामाचे दोन जिल्ह्यांत फेरवाटप झाल्यास खर्चाचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

या प्रदेशाला सीमाबदल नवे नाहीत. १८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हा मोडून त्याचा भाग चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला व सिरोंचा हे तहसिलीचे ठिकाण झाले. १९०५ साली ब्रह्मपुरी व चांदा तहसिलींतील जमीनदाऱ्या काढून गडचिरोली तहसील बनविण्यात आली. १९०७ साली सिरोंचा तहसिलीचा दक्षिणेकडील काही मुलूख मद्रास इलाख्यात गेला. अखेर २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. कि. मी., म्हणजे मूळ जिल्ह्याकडे उरलेल्या भागापेक्षाही अधिक.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम २४ (३) प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यासाठी सरकारी अभियोक्ता नेमणे राज्य शासनावर बंधनकारक होते. परंतु याच पोटकलमाच्या परंतुकाने एका जिल्ह्याच्या अभियोक्त्यास दुसऱ्या जिल्ह्यासाठीही नेमण्याची मुभा दिली. कलम ७ नुसार एका सत्र विभागात एकाहून अधिक जिल्हे असू शकत. म्हणजे महसुली नकाशावर जिल्हे दोन झाले, तरी अभियोक्ता व सत्र न्यायालय एकच ठेवण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. अर्थखात्याला असे परंतुक प्रिय वाटले तर नवल नाही.

यातील बचत मात्र तपासून पाहावी लागते. सत्र न्यायालयातील सरकारी अभियोक्ता हा वकिली व्यवसायातून नेमला जातो व त्याला शुल्क मिळते. महाराष्ट्रात त्यासाठी १९८४ चे विधी अधिकारी नियम आहेत. दुसरे पद टाळले की एक मानधन वाचते आणि ती बचत अंदाजपत्रकात लगेच दिसते. पण अभियोक्ता एका जिल्ह्यात गुंतला असता दुसऱ्या जिल्ह्यातील खटल्याला पुढील तारीख पडते. कच्च्या कैद्याला पुन्हा न्यायालयात आणण्याचा बंदोबस्त पोलीस खात्याच्या खर्चात जातो. साक्षीदारांचा भत्ता १९७३ च्या संहितेतील कलम ३१२ खाली न्यायालयाच्या आदेशाने शासनाकडून मिळू शकत असे. तो आणखी वेगळ्या हिशेबात जातो. भामरागड किंवा एटापल्लीच्या गावातून आलेल्या आदिवासी साक्षीदाराची बुडालेली मजुरी तर कोणत्याच लेखाशीर्षाखाली येत नाही. हंगामात तेंदूपाने तोडण्याचे मोजकेच दिवस असतात. त्यांतील दोन दिवस साक्षीसाठी गेले, तर भत्त्याने ते भरून निघत नाहीत.

विभाजनाने अंतराचा प्रश्न सर्वांसाठी सुटला असेही नाही. सिरोंचा हे चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही ठिकाणांपासून दोनशे कि. मी.च्या आसपास आहे. तेथील फिर्यादीच्या दृष्टीने १९८२ साली जिल्ह्याचे नाव बदलले, रस्त्याची लांबी फारशी बदलली नाही.

दंडाधिकारी न्यायालयांची कथा निराळी आहे. तेथे पूर्वी पोलीस अभियोक्ते काम पाहत आणि त्यांचा खर्च पोलीस खात्यात मिसळलेला असे. संहितेच्या कलम २५ ने सहायक सरकारी अभियोक्त्याचे पद आणले, तरी महाराष्ट्रात ही मंडळी पोलीस खात्याच्याच नियंत्रणाखाली राहिली. १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्या नियंत्रणातून मुक्त करून स्वतंत्र अभियोग विभाग स्थापण्याचे निर्देश दिले. वेगळा विभाग आला म्हणजे वेगळी आस्थापना आली. आजवर पोलीस खर्चात दडलेली रक्कम प्रथमच स्वतःच्या नावाने मागावी लागणार होती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अभियोग संचालनालयाची तरतूद आहे. कलम १८ (३) मध्ये जुने परंतुकही जसेच्या तसे राहिले आहे.