बाळाच्या फुप्फुसांच्या इंजेक्शनची कुळकथा

सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, की न्हावा-शेव्याकडच्या बाईला उरण, पनवेल, नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते, आणि बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग असते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या अशा गरोदर बाईला पुढे पाठवण्याआधी एएनएम डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा पहिला डोस देऊ शकते. सहा मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी, एकूण चार. सुई आईला टोचतात. औषध बाळाच्या फुप्फुसांसाठी.

याचं मूळ न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांत आहे. कळा कशाने सुरू होतात, हे ऑकलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स शोधत होते. स्टिरॉइड दिल्यावर एक कोकरू इतकं लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं. तरी ते काही वेळ जगलं आणि त्याची फुप्फुसं थोडी फुगलेली सापडली. दुसऱ्या कुणी हे सोडून दिलं असतं. लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांना सोबत घेऊन २८२ मातांवर चाचणी केली. १९७२ च्या त्यांच्या निबंधात अकाली बाळांमधला श्वासाचा विकार २५.८ वरून ९ टक्क्यांवर आलेला दिसतो.

असं का होतं, याचं उत्तर पेशींच्या वंशावळीत आहे. गर्भ चार आठवड्यांचा असताना अन्नमार्गातून फुप्फुसाचे कोंब फुटतात आणि फांद्या धरत जातात. फांद्यांच्या टोकाशी पूर्वज पेशी असतात. ब्रिजिड होगन यांच्या ड्यूक विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये उंदरांत दाखवलं, की यांची आधीची संतती श्वासनलिकांची होते, नंतरची वायुकोशांची. वायुकोशातल्या काही पेशी चपट्या होऊन प्राणवायू आत घेतात. काही सर्फॅक्टंट स्रवतात, तो नसेल तर प्रत्येक उच्छ्वासाला वायुकोश मिटतात. हे वळण कधी घ्यायचं, ते पेशी एकट्या ठरवत नाहीत. २०१६ मध्ये केंब्रिजच्या एमा रॉलिन्स यांच्या गटाने उंदरांतच दाखवलं, की बाहेरून येणारा स्टिरॉइडचा संदेश वायुकोशांकडे वळण्याची वेळ बदलू शकतो. लिगिन्सच्या कोकराचा अर्थ मला तिथे पहिल्यांदा उलगडला.

पण वेळेवरच सारं अवलंबून, म्हणून चुकीच्या वेळी दिलेलं औषध निरुपद्रवी नाही. नागपूर आणि बेळगाव परिसरातल्या मातांचाही सहभाग असलेल्या सहा देशांच्या मोठ्या अभ्यासात (२०१५) गावपातळीवर हे इंजेक्शन सरसकट वापरल्यावर नवजात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एकूण बाळांत थोडे वाढले. इंजेक्शन मिळालेल्या अनेकींचे दिवस भरत आले होते. २०२० च्या चाचणीत, बेळगावसह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे नीट मोजून औषध दिलं, तेव्हा अकाली बाळांचे मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. हे ज्ञान आपल्या बायाबापड्यांच्या सहभागातूनही आलंय, आणि त्याची नोंद फारशी कुठे होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा उरण-पनवेलच्या प्रत्येक गरोदर बाईची पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी व्हावी, तिची तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर असावी, आणि रेफरच्या चिठ्ठीवर पहिल्या डोसची वेळ ठळक लिहिलेली असावी.